सरासरी पाणी

होळी झाली की पहिल्या रविवारी मी कूलर खाली काढते. कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी धूळ, मग टाकीतला गंज, मग पंख्याला तेल आणि शेवटी ताट्या. यंदा घरातले म्हणाले, एसी असताना हा पत्र्याचा डबा हवाच कशाला. मी वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, पंखा लावला. ओल्या वाळ्याच्या वासाने आमच्याकडे दुपारी माणसांना झोप लागते. माझं उलटं होतं. मला बसवत नाही. मी उठते, कपाटं उघडते, आवरलेलंच पुन्हा आवरते, वहीत कामं लिहून काढते. त्या वासाबरोबर मला समुद्र आठवतो, आणि वऱ्हाडातल्या बाईला वाळ्याच्या वासाने समुद्र का आठवावा हे कोणाला थोडक्यात सांगता येत नाही.

नोकरी अमरावतीला, माहेर अकोल्याला, अशी माझी तेव्हा विभागणी होती. इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिव्हिलच्या मुलांना पाण्याचं शास्त्र शिकवत असे आणि माझा अभ्यासाचा विषय होता समुद्राच्या लाटा. प्रवाळाच्या कडेवर लाट आली की तिचं काय होतं, ती कुठे फुटते, फुटून उरलेली किती पुढे किनाऱ्यापर्यंत जाते, हे संगणकावर गणिताने काढायचं. समुद्र अमरावतीहून जवळजवळ सातशे किलोमीटर. तोवर मी तो एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, मुंबईला, दोन तास. बसमध्ये परत चढताना मी वहीत 'समुद्र' या शब्दापुढे बरोबरची खूण केली होती. मी तशीच होते. अजूनही आहे.

ती वर्षं वऱ्हाडासाठी कशी होती हे सांगत बसत नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एका कोपऱ्यात रोज जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा आकडा छापून येई, आणि चहा पिताना आधी तो पाहायची आम्हाला सवय लागली होती. अशा दिवसांत लाटांची गणितं करणं हे मला स्वतःलाच विचित्र वाटे. माझा भाऊ, दादा, तेल्हाऱ्याकडच्या शेतावर जाऊन-येऊन असायचा. तो जेवायला बसला की माझ्याकडे न पाहता आईला म्हणायचा, "इथं विहिरीत पाणी नाही अन् हे बाई समुद्र मोजून राह्यली." आई हसायची. मीही हसायचे. पण ते वाक्य एसटीत बसल्यावर मूर्तिजापूरपर्यंत सोबत यायचं.

त्या उन्हाळ्यात माझ्या हातात पहिल्यांदा कामाचं काम आलं होतं. प्रभाकर माझ्या वर्गातला, अकोल्याचाच. बांधकामाच्या नोकरीने तो दूर एका प्रवाळबेटावर जाऊन पडला होता. त्याला तिथे लहान मुलांची शाळा बांधायची होती. जागा दोन होत्या. एक किनाऱ्याला लागून, मोकळी, सपाट, लगेच पाया खणता येईल अशी. दुसरी मागे, नारळांच्या गर्दीत, जिथे आधी झाडं तोडावी लागणार. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाची रुंद कड होती. प्रश्न एवढाच की पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा ती कड ओलांडून पुढच्या जागेपर्यंत येतील का. कडेवर लाटा मरत असतील तर शाळा पुढे. नसतील तर मागे. पावसाळ्याआधी सामानाच्या बोटी बंद होतात, म्हणून उत्तर एप्रिल संपायच्या आत हवं होतं. सत्तर-ऐंशी मुलं त्या भिंतींच्या आत बसणार होती. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, म्हणजे विसरायला नको.

अशी गणितं म्हणजे काय असतं हे मी दादाला एकदा समजावलं होतं. संत्र्याच्या बागेत जसे वाफे, तसे समुद्राचे चौकटींमध्ये तुकडे पाडायचे. प्रत्येक चौकटीत तळ किती खोल ते लिहायचं. मग दर अर्ध्या सेकंदाला प्रत्येक चौकटीने शेजारच्या चौकटीला विचारायचं, तुझ्याकडे पाणी किती, कोणीकडे चाललंय, आणि त्यावरून आपलं पाणी ठरवायचं. असे लाखो वाफे आणि लाखो अर्धे सेकंद. दादा म्हणाला, म्हणजे दांडावर उभं राहून पाणी वळवण्याचंच काम, फक्त सावलीत बसून. ते खरंच होतं.

सावली होती, वीज नव्हती. लोडशेडिंगचं वेळापत्रक मी कॉलेजातल्या संगणकाच्या वर चिकटवलं होतं आणि गणित दर दहा मिनिटांनी आपोआप साठवून ठेवायची सोय केली होती. तरी वीज वेळापत्रकाचं ऐकत नसे. समुद्र अर्ध्यात थांबायचा. कधी एखादी चौकट बिघडली की आकडे भराभर फुगत जायचे, लाट पडद्यावर डोंगराएवढी व्हायची आणि सगळं बंद पडायचं. याला आम्ही मॉडेल फुटलं म्हणतो. एप्रिलमधल्या दुपारी, बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं असताना, खोलीत एकटीने समुद्र फुटताना पाहायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

एक आकडा मात्र खोलीत बसून मिळणार नव्हता. प्रवाळ खरबरीत असतं, त्यावरून जाताना पाणी अडखळतं. किती अडखळतं? पुस्तकांत उत्तरं होती, पण प्रत्येकाचं वेगळं. प्रयोग करायला लाटांची लांब टाकी लागते, ती आमच्या कॉलेजात नव्हती. मग मला अकोल्याचा सत्तारभाई आठवला. तो कूलरवाला. जस्ती पत्र्याचं कसलंही भांडं तो नुसतं बोलणं ऐकून बनवायचा. मी कागदावर आकृती काढून नेली. त्याने ती उलटी धरली, सुलटी धरली आणि विचारलं, "याच्यात हवा कोठून येईन?" मी म्हटलं हवा नको, लाटा पाहिजेत. त्याने कागद घडी करून खिशात टाकला. म्हणाला, शनिवारी या.

शनिवारी वीस फूट लांब, एक फूट रुंद पन्हाळं त्याच्या शेडमध्ये उभं होतं. एका बाजूला जुन्या शोकेसची काच. टोकाला कूलरची मोटर, तिच्यावर दोन पुल्या, आणि पुढे-मागे हलणारा पत्रा. मधोमध विटांचा चढ आणि त्यावर पसरट ओटा: आमची प्रवाळाची कड. ओट्यावर मी वाळूचा कागद चिकटवायचं ठरवलं होतं. सत्तारभाईने बोटाने तो घासून पाहिला आणि बाजूला ठेवला. तुम्ही म्हणता ते झाडासारखं असते ना, फांद्या-फांद्याचं, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने वाळ्याची ताटी कापून ओट्यावर तारेने बांधली. पाणी त्यातून जाताना अडखळलं, घोटाळलं, बुडबुडे सोडत पुढे सरकलं. पुस्तकातले फोटो मी पाहिले होते. याहून जवळ मी प्रवाळाच्या कधी गेले नव्हते.

पाण्याचा प्रश्न होता. अकोल्यात तेव्हा नळ किती दिवसांनी येईल याचा नेम नव्हता, आणि आम्ही पन्हाळंभर पाणी लाटांसाठी भरून ठेवलेलं. मला शेडच्या दाराकडे पाठ करून उभं राहवत नसे, कोणी पाहील म्हणून. आम्ही तेच पाणी महिनाभर वापरलं, काम झालं की गोणपाट झाकून ठेवलं. लाटेची कड काचेतून नीट दिसावी म्हणून त्यात मी कपड्यांची नीळ घातली होती. सत्तारभाई कूलर तपासायला तेच पाणी घ्यायचा. एका गिऱ्हाईकाच्या कोऱ्या कूलरची ताटी निळी निघाली, तेव्हा त्याने त्या माणसाला शांतपणे सांगितलं की हा समुद्राच्या हवेचा कूलर आहे, सगळ्यांना देत नाही. तो माणूस खूश होऊन गेला.

शनिवार-रविवार मी काचेवर पट्टी लावून लाटा मोजायचे. येताना चार बोटं, ओट्यावर दोन, पलीकडे अर्धं. वहीची पानं भरत गेली. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर तेच गणित चहा होईपर्यंत संपतं. ती पोरं निकालाची रंगीत चित्रं मला दाखवतात आणि मी सवयीने विचारते, पाणी कोणत्या वेळचं धरलं? मग ती गोंधळतात. मी कारण सांगत नाही.

एप्रिलच्या शेवटी माझं उत्तर तयार झालं. कडेवर पाणी सरासरी गुडघ्याएवढं. एवढ्या उथळ पाण्यात मोठी लाट उभी राहू शकत नाही, कडेच्या तोंडाशीच फुटते, उरलेली वाळ्यात, म्हणजे प्रवाळात, मरते. किनाऱ्यापर्यंत येते ती वीतभर. शाळा पुढच्या जागेवर चालेल. यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या होत्या: तळाची खोली, लाटेची उंची, खरबरीतपणा, पाण्याची पातळी. मी कागद पाठवला. प्रभाकरने फोन करून सांगितलं की पाया आखायला घेतो. त्या दिवशी मी अमरावतीला रसवंतीत एकटी बसून उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायले.

मे उजाडला आणि कॉलेजातल्या काही जणांना गावोगाव जाऊन शेतकरी कुटुंबांची माहिती लिहायचं काम आलं. मला चांदूर बाजारकडची दोन गावं मिळाली. छापील तक्ता, रकाने ठरलेले. एका रकान्यात विहिरीतलं पाणी किती फूट ते लिहायचं होतं. खाटेवर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी ते विचारलं. तो म्हणाला, "कोण्या महिन्याचं लिवता मॅडम? पोयाले वाकून हात लागते, आता बालटी तयाले वाजून राह्यली." पोळ्याला काठोकाठ असलेली विहीर मेमध्ये तळाला गेलेली, आणि रकाना एकच होता. मी म्हटलं, सरासरी लिहिते. तो बायकोकडे वळून म्हणाला, "सरासरी पानी कोनी पेते काय वो?" ती तोंडाला पदर लावून हसली. मी आकडा लिहिला, पुढच्या घरी गेले. अजून अकरा घरं बाकी होती.

पुढच्या शनिवारी मी पन्हाळं सोडवायला अकोल्याला गेले. सत्तारभाईची आई त्याच आठवड्यात लेकीकडून परतली होती. सगळे तिला अम्मा म्हणायचे. ती शेडमध्ये बाजेवर बसून वाळा निवडत होती. सत्तारभाईने हौसेने मोटर लावली, तिला लाटा दाखवल्या. मी शेजारी उभी राहून समजावत होते की पाणी कसं येतं, ओट्यावर कसं मोडतं. अम्माने बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "बेटी, लाटा हल रईं, पर तेरा पानी एक जगाच खड़ा है."

मला कळलं नाही. तिने सांगितलं ते असं: ती आणि सत्तारभाईचे वडील हजला गेले तेव्हा जहाजाने गेले होते. मुंबईत मुसाफिरखान्यात आठ दिवस जहाजाची वाट पाहावी लागली. आठही दिवस ती रोज समुद्रावर जाऊन बसायची, कारण दुसरं करायला काही नव्हतं. सकाळी पाणी पायऱ्यांना लागलेलं असे. दुपारी पाहावं तर कुठल्या कुठे गेलेलं, नुसता चिखल आणि दगड. संध्याकाळी पुन्हा पायऱ्यांवर. पहिल्या दिवशी तिला वाटलं समुद्र आटला. तिने ते घाबरून नवऱ्याला सांगितलंही होतं. सत्तारभाई हसायला लागला. मी हसले नाही.

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. पाचवीच्या भूगोलात ती सगळ्यांनाच असते. पण माहीत असणं आणि हाताला सवय असणं यांत फरक आहे. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने हलतं, दिवाळीपासून जूनपर्यंत खाली. ते दिवसातून दोनदा चढतं-उतरतं हे आमच्या अंगात नाही. मला नकाशा मिळाला त्यावर खोल्या सरासरी पातळीपासून दिल्या होत्या. मी तीच पाण्याची पातळी धरली, एक आकडा लिहिला, पुढे खूण केली. मी दोन तासांचा समुद्र पाहिला होता. दोन तासांत तो होता तिथेच होता.

मी सत्तारभाईला मोटर चालूच ठेवायला सांगितलं आणि बादलीने पन्हाळ्यात पाणी वाढवत गेले. गुडघ्याचं कमरेएवढं व्हावं, त्या मापाने चार बोटं. पुढची लाट ओट्याच्या तोंडाशी आली, किंचित वाकली, पण मोडली नाही. वाळ्यावरून सरळ निघाली आणि पलीकडच्या पत्र्यावर आपटून माझ्या साडीवर निळे शिंतोडे उडाले. सत्तारभाई म्हणाला, "हे तर पार झाली मॅडम." मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पार झाली. भर पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या वेळी, मोठी लाट. तिन्ही एकत्र यायला वर्षातले काही तास पुरतात, आणि ते तास शाळेचे असू शकतात.

कधीकधी, वर्गात शिकवता शिकवता, मला वाटतं की अम्मा लेकीकडे अजून पंधरा दिवस राहिली असती तर. त्याच्या पुढे मी जात नाही. खडू बदलते, फळा पुसते.

सोमवारी कॉलेजात जाऊन मी भरतीसकट गणित लावलं. दुपारी वीज दोनदा गेली. मंगळवारी आकडे आले, आणि ते पन्हाळ्यासारखंच बोलत होते. पाणी पुढची जागा ओलांडून नारळांत शिरत होतं. फोन करायच्या आधी मी काय बोलायचं ते कागदावर मुद्दे काढून ठेवलं. प्रभाकरने फोन उचलला आणि मी पहिलाच मुद्दा वाचला: माझं चुकलं आहे, पाया थांबव.

त्याने विचारलं, का? मी त्याला सगळं सांगितलं. सामान उतरलं होतं, एका बाजूचे चर खणून झाले होते, शेवटची बोट आठ दिवसांवर होती. मला वाटलं तो चिडेल. मी विचारलं, तू रोज भरती पाहत होतास, तुला काहीच कसं वाटलं नाही? तो म्हणाला, मले वाटलं तू धरली असशील. मग म्हणाला, "काय सांगू वो तुले. इथले बुढे पयल्या दिवसापासून सांगून राह्यले होते का तिथं पानी येते म्हणून. मी त्याईले तुझा कागद दाखोला."

मी मुद्द्यांचा कागद उलटा ठेवला. त्या बेटावरच्या माणसांनी मी मोजायच्या आधीच सांगितलेलं होतं, आणि माझ्या एका खुणेने ती गप्प बसली होती. चूक दुरुस्त होत होती तरी हे त्यात बसत नव्हतं.

मी प्रभाकरला म्हटलं की त्या म्हाताऱ्यांना सांग, ते बरोबर होते. तो म्हणाला, तूच सांग. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्याने त्यांच्यातल्या एकाला फोनपाशी बसवलं. तरुणपणी जहाजांवर काम केल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. आवाज लांबून, मध्ये मध्ये तुटत येत होता. मी हिंदीत सांगितलं की मी हिशेब पुन्हा केला, पाणी तिथपर्यंत येईल, शाळा मागे घ्यायला सांगितलं आहे, आणि आधी चुकीचं लिहिलं त्याबद्दल माफ करा. तो म्हणाला, "पानी तो आता है, बेटी. हम हर साल देखते हैं. अब आपने लिख दिया, तो अब सबके लिए आएगा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, कुठपर्यंत येतं? त्याने सांगितलं की एक वाकडं नारळाचं झाड आहे, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्याच्या बुंध्यापर्यंत येतं, पुढे नाही. मी प्रभाकरला ते अंतर पावलांनी मोजायला लावलं. झाड माझ्या नव्या आकड्याच्या नऊ पावलं मागे निघालं, म्हणजे पाणी माझ्या हिशेबाहून तेवढं आत येत होतं. मी गणित पुन्हा तपासलं. नव्याने चूक सापडली नाही. नऊ पावलं कुठून आली ते मला सांगता येईना. त्यानंतर चांगली मॉडेल्स आली, चांगले नकाशे आले. मी दर काही वर्षांनी ते बेट पुन्हा मांडून पाहते. नऊची सात झाली, सातची पाच. त्याखाली अजून गेलेली नाहीत.

पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता. प्रभाकर म्हणाला, मजूर बसून आहेत, बोट यायची आहे, आज आखणी केली नाही तर शाळा दिवाळीनंतर. मधल्या नऊ पावलांत बांधली तर सहा झाडं वाचतात, हेही त्याने सांगितलं. "बोल लवकर. कोनाच्या मांगं बांधू? तुया आकड्याच्या का त्या झाडाच्या?"

मी म्हटलं, झाडाच्या.